मनगटाचा वास

"मानवजातीच्या इतिहासात तीनच दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहिले जातील," वज्रदेह जिमचे मालक राजाभाऊ बोधले म्हणाले. "माणसाला अग्नी सापडला तो दिवस, माणूस चंद्रावर उतरला तो दिवस, आणि आजचा दिवस. आज बार्शीतला घामाचा वास कायमचा संपतोय."

जिममधले सगळे बेंच सभासदांनी अडवले होते आणि व्यासपीठ म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून बोधले बोलक्या वजनकाट्यावर उभे होते. काट्यानं सभ्यपणे त्यांचं वाक्य संपू दिलं आणि मग खणखणीत बायकी आवाजात जाहीर केलं, "एकशे चार किलो सहाशे ग्रॅम. गेल्या आठवड्यापेक्षा बाराशे ग्रॅम जास्त. कृपया चालायला सुरुवात करा."

चाळीसेक सभासदांनी टाळ्यांसाठी हात उचललेलेच होते. त्यांनी ते वाजवून टाकले. टाळ्या कुणासाठी, हे काट्यानं आणि बोधल्यांनी आपापसात ठरवावं.

मागे, लॉकरच्या रांगेपाशी, हातात मॉप घेऊन मालन दुधाळ उभी होती. वय त्रेपन्न. अकरा वर्षं ती या जिमची फरशी, गाद्या, बेंच आणि डंबेल पुसत होती. जिममधल्या तिन्ही मजल्यांचा वास तिला पाठ होता. कुठल्या बेंचवर कोण बसून गेलं, ते ती फडकं नाकाजवळ नेऊन सांगायची. चार नंबरवर ढवळे वकील, कारण लसूण. खिडकीजवळच्या सायकलवर बँकेतल्या बाई, कारण बाळंतपणानंतरचा तो आंबूस गोडवा. दोन वर्षांपूर्वी ढगे मास्तरांची गादी पुसताना ती थबकली होती. "मास्तर, तुमच्या घामाला पिकून गेलेल्या पेरवाचा वास येतोय. साखर तपासून घ्या," ती म्हणाली होती. मास्तर हसले होते. साखर तीनशे नव्वद निघाली. तेव्हापासून दर दिवाळीला मास्तरांकडून तिला एक साडी यायची.

अशा बाईला, वास संपणार म्हटल्यावर, आनंदच व्हायला हवा होता. आणि तो झालाही. वास ओळखता येणं वेगळं आणि तो रोज पुसणं वेगळं.

हे सगळं सन २०३९ च्या मार्चमधलं. जिममध्ये औषध घेऊन आलेल्या डॉ. अवनी केळुसकर पुण्याच्या, वय तीसच्या आसपास, बोलायला साध्या. औषध कसं फवारायचं ते शिकवताना त्यांनी मालनला समोर बसवलं.

"पहिली गोष्ट, मावशी. घामाला वास नसतो."

मालननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुम्ही आमच्या चार नंबरच्या बेंचवर बसला न्हाई अजून."

अवनी हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. ताजा घाम म्हणजे मिठाचं पाणी. त्यात किंचित चरबी, किंचित प्रथिनं. आपल्या कातडीवर लाखो जिवाणू राहतात, ते हा घाम जेवतात, आणि त्यांच्या जेवणानंतर जे खरकटं उरतं, त्याला आपण घामाचा वास म्हणतो. प्रत्येकाच्या अंगावर जिवाणूंची वेगळी पंगत बसलेली असते, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. अवनीच्या कंपनीनं प्रयोगशाळेत एक नवा जिवाणू घडवला होता. हा पंगतीत सगळ्यांच्या आधी बसायचा, सगळ्यात भराभर जेवायचा आणि ताट लख्ख करून उठायचा. खरकटं शून्य. बाकीचे उपाशी राहायचे आणि हळूहळू नाहीसे व्हायचे. औषधाचं नाव शून्यगंध.

"आणि ह्यो जिमच्या भाईर पळाला तर?" मालननं विचारलं.

"नाही पळणार. ऊब, ओल आणि मीठ, तिन्ही एकत्र असेल तिथंच तो जगतो. म्हणजे व्यायामाच्या गाद्या, बेंच, यंत्रांच्या मुठी. कोरड्या जागी दोन दिवसांत मरतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऊब, ओल आणि मीठ तिन्ही एकत्र असलेली आणखी एक गोष्ट त्या वेळी त्या दालनात चाळीस-बेचाळीस नग हजर होती. पण व्यायामशाळेत येऊनही स्वतःच्या शरीराकडे लक्ष न देण्याची आपली जुनी रीत आहे.

त्याच दिवशी दोन गोष्टी झाल्या. फिनेलनं नवा जिवाणू मरतो म्हणून फिनेलवर बंदी आली, आणि फिनेलच्या कपाटाला बोधल्यांनी कुलूप घातलं. शिवाय मालनला लुगड्यावर घालायचा पांढरा नवा गणवेश मिळाला. तिचा जुना निळा एप्रन, त्या दिवसाच्या घामासकट, तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवला होता. रविवारी धुवायचा म्हणून. तो आतच राहिला.

जगात आपला एक कपडा न धुतलेला पडून आहे, ही गोष्ट मालनला दातात अडकलेल्या धाग्यासारखी सलत राहिली. "सर, तेवढं कपाट उघडून द्या. एप्रन धुवायचा राहिलाय," ती बोधल्यांना म्हणाली. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणाली. एप्रिलात तिसऱ्यांदा.

"बघतो, मावशी," बोधले तिन्ही वेळा म्हणाले.

मालनच्या घरी आई होती. सोनाबाई, वय एक्याऐंशी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, आणि पाच वर्षांपासून विसरण्याचा आजार. नवरा गेलेला, भाऊ गेलेले, गाव गेलेलं. सगळं एकेक करून डोक्यातून निघून गेलं. कानांना ऐकू यायचं, पण आवाज कुणाचा ते कळायचं नाही. डोक्यात एकच माणूस शिल्लक होतं, आणि ते नाकातून आत यायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मालनला सांगितलं होतं, वासाची वाट मेंदूच्या सगळ्यात जुन्या खोलीत जाते, ती खोली शेवटी बंद होते.

रोज सहा वाजता मालन घरी यायची, खाटेवर बसायची आणि उजवं मनगट पुढे करायची. सोनाबाई ते दोन्ही हातांनी धरून नाकाला लावायच्या. मग चेहऱ्यावरची एकेक गाठ सुटायची.

"आलीस व्हय गं, मालन."

"आले."

"मग वाढ की. भूक लागलीय."

आणि मग मालनच्या हातून, फक्त मालनच्याच हातून, त्या जेवायच्या. मेंदूतली सगळी दुकानं बंद झाली तरी हे एक चालू होतं.

आता जिमची एक पद्धत होती. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी विरलेले नॅपकिन बाद व्हायचे आणि ते मालन घरी न्यायची. मऊ सुती कापड, टाकवत नाही. अकरा वर्षांत तिनं त्यांची पोतेरी केली, पिशव्या केल्या. त्या उन्हाळ्यात तिनं शिवून आईला गोधडी केली. नॅपकिन किंचित ओलेच होते. आणि आईच्या खोलीत, अंथरुणात, ऊब होती, ओल होती आणि मीठही होतं.

आठवडाभरात खोलीतला म्हातारपणाचा, औषधांचा, लघवीचा वास गेला. मालननं शेजारच्या नजमाभाभींना मुद्दाम बोलावून दाखवलं.

"बघा की भाभी. कसला येतोय का वास?"

भाभींनी दोनदा श्वास घेतला. "काहीच नाही गं. कुणी राहत नसल्यासारखं वाटतंय."

मालनला ती तारीफ वाटली.

जिम तर फुलली. सोलापुरातून लोक बघायला येऊ लागले. मालनला काम इतकं हलकं झालं की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बेंच पुसताना फडकं सवयीनं नाकाजवळ न्यायची आणि काहीच यायचं नाही. वकील नाही, मास्तर नाही, बँकेतल्या बाई नाहीत. दिवसभर इथं कुणी आलंच नव्हतं, अशी ती खोली असायची.

पहिली तक्रार आली ती बोधल्यांच्या कुत्र्याकडून. सुलतान हा सहा वर्षांचा अल्सेशियन, बोधल्यांच्या ताटातलं मटण खाऊन वाढलेला. त्यानं एका सकाळी फाटकातून आत येणाऱ्या बोधल्यांची पोटरी धरली. बोधले पट्टी बांधून जिममध्ये आले.

"पिसाळलाय," ते म्हणाले.

"डॉक्टरला दाखवला?" ढवळे वकिलांनी विचारलं.

"दाखवला. डॉक्टर म्हणतो, कुत्र्याला काही झालेलं नाही. घरात अनोळखी माणूस घुसला, तर चांगला कुत्रा असंच करतो म्हणे."

सगळे हसले. वकील जरा कमी हसले. त्यांच्या घरी गेल्या महिन्यात झालेला नातू आईनं पाजायला घेतलं की तोंड फिरवून रडत होता, आणि वकिलीण बाई म्हणत होत्या की दृष्ट लागली.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी मालन सहाला घरी आली, खाटेवर बसली आणि मनगट पुढे केलं.

सोनाबाईंनी ते धरलं, नाकाला लावलं. थांबल्या. दुसरं मागितलं. तेही हुंगलं. मग दोन्ही हात त्यांनी परत केले, दुसऱ्याचं टपाल चुकून आपल्याकडे आलं की करावं तसे.

"कोण पायजे तुमाला?"

"आई, मी मालन."

"मालन कामाला गेलीय. सहाला येती."

"सहा वाजलेत, आई. मीच ती."

"खोटं बोलू नका, बाई," सोनाबाई शांतपणे म्हणाल्या. "घरात न्यायसारखं काय न्हाई."

त्या रात्री त्यांनी तोंड उघडलं नाही. घास ओठांशी नेला की मान फिरवायच्या. मालन "आई, मी मालन" म्हणाली की त्या भिंतीकडे सरकायच्या. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मालननं मनगटाला लसूण चोळला, लिंबू चोळलं, दुकानातून फिनेलची बाटली आणून लावून पाहिलं. सोनाबाईंनी प्रत्येक वास ओळखला. "लसूण," त्या म्हणाल्या. "लिंबू." "संडास धुवायचं." आणि प्रत्येकाच्या मागे कोण आहे ते शोधायला थोडं हुंगत राहिल्या. मागे कुणीच नव्हतं.

नजमाभाभींच्या हातून मात्र सोनाबाई रोज दुपारी कपभर चहा घेत होत्या. भाभी कोण हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे भाभींकडून त्यांची काही अपेक्षा नव्हती.

"तू मालन आहेस हे सांगूच नको ना," भाभी म्हणाल्या. "परकी म्हणून जा. मला नाही का चालवून घेत?"

"सोताच्या आईला परकी सांगू?"

भाभींनी कप विसळला आणि विषय सोडला.

गुरुवारी मालन जिममध्ये काम संपवून ट्रेडमिलवर चढली. अकरा वर्षं तिनं तो पट्टा पुसला होता, त्यावर पाय पहिल्यांदाच ठेवला. तिचा हिशोब सरळ होता. वास घामातून येतो, तर घाम काढायचा. लुगड्याचा काष्टा मारून ती आधी चालली, मग धावली. सभासद आपापली वजनं खाली ठेवून बघत राहिले. ढगे मास्तर पुढे आले.

"मालनबाई, पुरे. छाती भरून येईल."

"थांबा मास्तर. अजून यायचा राहिलाय."

पदर पाठीला चिकटला, कपाळावरून धारा लागल्या. यंत्रानं तिचं अभिनंदन केलं, दोनशे कॅलरी जळाल्याचं कळवलं आणि पुढच्या वेळी अधिक चांगली कामगिरी करण्याची प्रेरणा दिली. मालन तशीच ओली रिक्षात बसली, तशीच खाटेशी गेली, आणि मनगट पुढे केलं.

सोनाबाईंनी हुंगलं. मग जिभेचं टोक लावून पाहिलं.

"नुसतं पाणी हाय," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी अवनी केळुसकर बार्शीत आल्या होत्या. बोलावणं तक्रारीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिमचा वर्धापनदिन होता. मालननं त्यांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. अवनी पायरीवर बसल्या.

"चूक आमचीच आहे, मावशी. आम्ही त्याला गाद्यांवर तपासला, बेंचवर तपासला. माणसाची काख तपासायचं कुणाच्या यादीतच नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "माझा नवरा महिनाभर पलंगाच्या पार काठाला झोपतोय. विचारलं तर म्हणतो, काही नाही. खरंच, काही नाही म्हणूनच तो काठाला झोपतोय."

"मारता येतो का न्हाई, तेवढं सांगा."

"मारता येईल. पण जागा रिकामी झाली की पहिला येऊन बसणार तो हाच. गावभर आता हाच आहे. तुमची जुनी पंगत परत बसवायची, तर तिचं विरजण पाहिजे. तुमचं एखादं औषध फवारायच्या आधीचं कापड. न धुतलेलं, कोरडं, बंद पिशवीत राहिलेलं. त्यातून मी वाढवू शकेन. महिनाभर तुम्हाला आणि आईला माझ्याकडे ठेवून घेईन, बाकी कुणाला जवळ येऊ देणार नाही. होईल."

"न धुतलेलं," मालन म्हणाली.

घरातली प्रत्येक खुंटी, प्रत्येक ट्रंक, प्रत्येक घडी तिच्या डोळ्यांसमोरून गेली. "मॅडम, माझ्या घरात न धुतलेली निस्ती भिंत हाय. ती पण दिवाळीला पुसते."

आणि मग तिला एप्रन आठवला.

ती जिना चढून वर गेली ती अकरा वर्षांत कधी चढली नव्हती अशी. फिनेलचं कपाट उघडं होतं. आत फिनेलचे कॅन होते, झाडूचे दोन दांडे होते. पिशवी नव्हती.

"मावशी, अहो इकडे या," दर्शनी दालनातून बोधल्यांचा आवाज आला. त्यांचा चेहरा उजळलेला होता. "उद्या सगळ्यांसमोर उघडणार होतो. पण तुम्हालाच राहवत नाहीये, तर बघा."

भिंतीवर फुलांची माळ घातलेली मोठी काचेची चौकट होती. आत निळा एप्रन होता. इस्त्रीची घडी कडक, बटणं नवी, डागाचा मागमूस नाही. खाली पितळी पट्टी: शून्यगंधपूर्व काळातील स्वच्छतेची साधनं. सौजन्य, श्रीमती मालन दुधाळ.

"धुतलात," मालन म्हणाली.

"दोनदा. आधी गरम पाण्यात, मग ड्रायक्लीन, आणि वरून आपलं शून्यगंध." बोधले मनापासून बोलत होते, अकरा वर्षांत त्यांनी तिच्यासाठी इतकी मेहनत कधी घेतली नव्हती. "तुम्ही तीनदा म्हणाला होता ना, एप्रन धुवायचा राहिलाय. म्हटलं, मावशींची एवढी एक इच्छा आहे, ती तरी पुरी करू."

अवनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मालनकडे पाहिलं आणि पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. फरशी स्वच्छ होती.

मालननं पदराच्या टोकानं काचेवरचा बोधल्यांच्या बोटाचा ठसा पुसला. का पुसला ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ती घरी गेली.

सहा वाजून गेले होते. सोनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चार दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते आणि मनगटाचं हाड वर आलं होतं. टेबलफॅन घरघरत होता. मालननं भाकरी दुधात कुस्करली, वाटी घेतली, आणि खाटेवर न बसता खाटेजवळ उभी राहिली, परकी बाई राहील तशी.

"आजी," ती म्हणाली. "मी नवी बाई. मालननं पाठवलंय मला."

सोनाबाई वळल्या. "मालननं?"

"व्हय. म्हणाली, आईला तेवढं चारा."

"मग आधी न्हाई का सांगायचं." त्या उठून बसल्या आणि तोंड उघडलं.

मालन खाटेवर टेकली आणि चारू लागली. एक घास, दुसरा घास. तिसऱ्या घासाला सोनाबाईंना बोलावंसं वाटलं.

"ती एक खोटारडी यायची. मीच मालन म्हणायची. मी बरं फसीन."

"तुमाला कसं कळलं?"

"कसं म्हंजे. माझी लेक हाय. मला कळंना व्हय?" सोनाबाईंनी घास गिळला. "मालनला वास हाय. फडकं धुऊन उन्हात घातल्यावर येतो ना, तसा. त्यात तव्यावरची भाकरी. आन् त्याच्या खाली, लई खाली, लहानपणी होता तो. तापात तिचं डोकं मांडीवर घेतलं की यायचा. तो काय बदलला न्हाई कधी."

मालननं चमचा वाटीत बुडवला. साऱ्या गावाचे वास तिनं पाठ केले होते. स्वतःचा तिला आज पहिल्यांदा कळत होता, आणि तो आता कुठेच नव्हता.

"मालनला काय सांगू, आजी?" तिनं विचारलं. "काय निरोप?"

सोनाबाईंनी विचार केला. सांगण्यासारखं पुष्कळ असावं, असं तोंड हललं. मग त्यांनी हात पुढे करून समोर बसलेल्या बाईचा खांदा चाचपला आणि हलकेच बाजूला ढकलला.

"ते राहू द्या, बाई. जरा तिकडं सरका. वारं अडतंय."